मेजावरच्या युद्धातील गाडे : असई-बुऱ्हाणपूर मोहिमेच्या आधारे काही रूढ गैरसमज

तापीकाठचे बुऱ्हाणपूर आपल्याकडच्या वाचकाला ठाऊक असते ते मुमताजमहलचा १६३१ मध्ये तेथे झालेला मृत्यू, तिथली जामा मशीद आणि जमिनीखालून शहराला पाणी पुरवणारा कुंडी भंडारा यांच्यामुळे. जुन्या मराठी कागदपत्रांत ते ‘बऱ्हाणपूर’ या रूपात वारंवार भेटते. एका लहानशा वर्तुळात मात्र हे नाव निराळ्याच कारणाने परिचित आहे. मेजावर बोटभर उंचीचे रंगवलेले शिपाई मांडून, मोजपट्टी आणि फासे यांच्या साहाय्याने लढाया खेळणाऱ्यांचे हे वर्तुळ. १८०३ च्या दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धातील दख्खनची मोहीम ही या मंडळींच्या आवडीची. २३ सप्टेंबरला असईची लढाई झाली. ऑक्टोबरच्या मध्यास कर्नल स्टीव्हन्सनच्या फौजेने शिंद्यांचे बुऱ्हाणपूर विनाप्रतिकार घेतले आणि २१ तारखेला असीरगडही घेतला. २९ नोव्हेंबरला अडगाव, १५ डिसेंबरला गाविलगड. बर्नार्ड कॉर्नवेल या इंग्रज कादंबरीकाराने असई आणि गाविलगड यांवर कादंबऱ्या लिहिल्या, तेव्हापासून या नावांची परदेशी खेळाडूंशी ओळख अधिकच वाढली.

या खेळात शिपायांच्या हालचालींबाबत सहसा फारशा चुका होत नाहीत. पायी चालणारा माणूस किती चालेल, किती थकेल, हे आपल्या अंगाला ठाऊक असते. चुका होतात त्या चाकांच्या बाबतीत. तोफगाडा, रसदेची गाडी, रणगाडा, सैनिक वाहून नेणारे चिलखती वाहन, यांपैकी काहीही मेजावर आले, की जाणता खेळाडूही गोंधळतो. चूक खेळापुरती राहिली असती तर हा लेख लिहिण्याचे कारण नव्हते. परंतु मेजावर जे घडते तेच रणांगणावर घडले असावे, अशी समजूत नकळत रुजते, आणि ‘मराठ्यांच्या तोफा अवजड, जागच्या हलेनात, म्हणून ते हरले’ यासारखी विधाने जाणकारांच्या तोंडीही ऐकू येतात. असईपुरते तरी हे विधान वस्तुस्थितीला धरून नाही.

रथ, हत्ती आणि नौका

गैरसमजाचे मूळ फार जुने, बहुधा आपल्याच बुद्धिबळात आहे. चतुरंगाच्या चार अंगांपैकी रथ हे वाहनाचे अंग. पटाच्या कोपऱ्यातील ज्या सोंगटीला आपण मराठीत ‘हत्ती’ म्हणतो, ती अनेक ठिकाणी रथ म्हणून ओळखली जाई. बंगालीत तिला ‘नौका’ म्हणतात. नाव कोणतेही असो, तिचे वर्तन एकच. वाट मोकळी असेल तर सरळ रेषेत हवे तितके धावायचे आणि ज्या घरात पोहोचली तेथील मोहरा आपोआप मारायचा. तिला पुढची-मागची बाजू नाही, चढ-चिखल नाही, थांबून सज्ज होण्यास वेळ लागत नाही. लहानपणापासून हा पट खेळलेला मनुष्य मेजावरच्या युद्धखेळाकडे वळतो तेव्हा हीच सवय सोबत घेऊन येतो.

युद्धखेळाने स्वतः या सवयीतून बाहेर पडण्यास बराच काळ घेतला. ब्रन्सविकच्या हेल्विगने १७८० मध्ये बुद्धिबळाचाच विस्तार करून घरांना नदी, डोंगर, दलदल असे रंग दिले. प्रशियातील राइस्विट्झ पिता-पुत्रांनी घरे काढून टाकली आणि प्रत्यक्ष नकाशा, प्रमाण, फासे व पंच आणले. पुत्राची नियमावली १८२४ ची. एच. जी. वेल्स यांनी १९१३ मध्ये ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तक लिहून हा खेळ सेनापतींच्या दालनातून घराच्या जमिनीवर आणला. त्यांच्या खेळण्यातल्या तोफा खरोखर लाकडी गोळी उडवीत. तरीही वेल्स यांनी दोन बंधने कटाक्षाने घातली होती. तोफेजवळ पुरेसे शिपाई असल्याखेरीज ती चालणार नाही की डागली जाणार नाही. आणि एका डावात तोफ एक तर हलेल किंवा मारा करील, दोन्ही नाही. शंभर वर्षांनंतरही नवखा खेळाडू पहिल्यांदा मोडतो तो हाच नियम.

तोफ हेही वाहनच

आपण तोफेला शस्त्र समजतो. रणांगणावर ती निम्मा वेळ वाहन असते. चालताना तिची शेपूट एका दुचाकी जोडगाड्यावर टेकवलेली असते, पुढे बैलांच्या वा घोड्यांच्या जोड्या जुंपलेल्या असतात, दारूगोळ्याच्या गाड्या मागून येतात. या अवस्थेत तिचे तोंड शत्रूकडे नव्हे, उलट दिशेला असते. मारा करायचा तर जोडगाडा सोडायचा, तोफ वळवायची, जनावरे मागे न्यायची, दारू आणायची. हलायचे तर हे सारे उलट क्रमाने. म्हणून चांगल्या नियमावलीत तोफेच्या दोन स्वतंत्र अवस्था असतात आणि एकीतून दुसरीत जाण्यास डावाचा काही भाग खर्चावा लागतो. हा खर्च खेळाडूंना जाचक वाटतो. वस्तुतः तोफखान्याच्या डावपेचांचा सारा अर्थ त्या खर्चातच आहे: तोफ कोठे उभी करायची हा निर्णय शत्रू दिसण्याच्या आधी घ्यावा लागतो.

असईला नेमके काय झाले ते पाहावे. आजच्या जालना जिल्ह्यातील खेळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात शिंदे-भोसल्यांची फौज होती. कवायती कंपूंचे नेतृत्व पोलमन या हॅनोव्हरच्या सरदाराकडे होते आणि शंभराच्या आसपास तोफा होत्या. मराठी फळी खेळणेच्या काठाने दक्षिणेकडे तोंड करून उभी होती. नदीच्या दोन्ही तीरांवर समोरासमोर दोन गावे दिसतात, त्याअर्थी मध्ये उतार असलाच पाहिजे, असा तर्क करून आर्थर वेलस्ली पूर्वेकडून नदी ओलांडून मराठ्यांच्या डाव्या बगलेवर आला. इतकी मोठी फळी तोफांसह वळवणे शत्रूला साधणार नाही, अशी त्याची अटकळ होती. पोलमनच्या पलटणींनी ते साधले. तोफा जोडगाड्यांवर चढल्या, फळी काटकोनात फिरली, तोफा पुन्हा उतरल्या आणि वेलस्लीचे सैन्य मांडणी पुरी करते न करते तोच मारा सुरू झाला. ‘जागच्या न हलणाऱ्या तोफा’ या कल्पनेला याहून मोठे उत्तर नाही.

उलट जागच्या हलल्या नाहीत त्या इंग्रजांच्या तोफा. मराठी गोलंदाजांच्या माऱ्यात त्यांचे तोफची आणि बैल इतके पडले की तोफा पुढे नेणे अशक्य झाले. वेलस्लीने त्या मागेच सोडल्या आणि पायदळाला संगिनी रोखून चालून जाण्याचा हुकूम दिला. इंग्रजी इतिहासात हा प्रसंग धैर्याचा म्हणून वर्णिला जातो, आणि तो तसा आहेही. पण मूळ कारण बैल मेले हे होते. असईत वेलस्लीचे मृत आणि जखमी मिळून सुमारे १,६०० लोक पडले. हाती लागलेल्या मराठी पितळी तोफांची त्याने आपल्या पत्रांतून मोकळेपणाने प्रशंसा केली आहे. ज्या नियमावलीत या तोफखान्याला सरसकट कनिष्ठ श्रेणी दिली जाते, तिच्या कर्त्याने वेलस्लीची पत्रे वाचलेली नसावीत.

बैल हा या गाड्याचा सर्वांत नाजूक भाग होय. तोफेला गोळा लागून ती निकामी होण्याचा संभव कमी. जनावरे पडण्याचा संभव फार अधिक. टिपूच्या पाडावानंतर म्हैसूरचे अमृतमहाल जातीचे नामांकित बैल कंपनीकडे आले होते आणि वेलस्लीच्या हालचालींचा वेग बराचसा त्यांच्या खुरांवर अवलंबून होता. परंतु उत्तम बैलही तोफांच्या आवाजाला बिथरतो. अडगावला मराठी तोफांचा मारा सुरू होताच तोफा ओढणारे बैल उधळले, मागच्या पलटणींत घुसले आणि असईला छातीचा कोट करून लढलेले शिपाई पाठ फिरवू लागले. वेलस्लीने स्वतः पुढे होऊन त्यांना आवरले म्हणून लढाई सावरली. हे मेजावर दाखवायचे असेल तर तोफेच्या नव्हे, तिच्या बैलांच्या नावाने फासा टाकावा लागतो. बहुतेक खेळाडू बैलांच्या प्रतिमा शोभेसाठी ठेवतात आणि तोफ मांडली की त्या डब्यात परत घालतात. डब्यात घातलेले बैल उधळत नाहीत.

ओलांडलेली तोफ ही जिंकलेली तोफ नव्हे

बुद्धिबळातील सवयीचा सर्वांत घातक परिणाम येथे दिसतो. पायदळाची तुकडी तोफांच्या रांगेपर्यंत पोहोचली, झुंजीचा फासा जिंकला, की खेळाडू समोरच्या तोफा उचलून बाजूला ठेवतो. असईला इंग्रज पलटणींनी अगदी हेच गृहीत धरले. मराठी तोफांची पहिली रांग त्यांनी संगिनींनी साफ केली आणि त्या पुढच्या पायदळावर चालून गेल्या. गोलंदाजांपैकी अनेक जण तोफांखाली मेल्याचे सोंग घेऊन पडले होते. पलटणी पुढे जाताच ते उठले, तोफा फिरवल्या आणि इंग्रजांच्या पाठीवर मारा सुरू केला. अखेर वेलस्लीला ७८ वी हायलँडर पलटण आणि मद्रासचे ७ वे देशी घोडदळ घेऊन मागे वळावे लागले आणि तीच रांग दुसऱ्यांदा जिंकावी लागली.

या प्रसंगाकडे इंग्रजी ग्रंथकार कधी कपट म्हणून पाहतात. पण शिंद्यांच्या गोलंदाजांसंबंधी एक गोष्ट सर्वमान्य आहे: ते तोफा सोडून पळाले नाहीत, तोफांजवळच मेले. त्यांची नावे कोणी नोंदवली नाहीत. मेजावर मांडताना निदान त्यांच्या कृतीची नोंद नियमात असावी. ती करण्याची रीत अवघड नाही. तोफ ओलांडली तर तिच्यावर एक खूण ठेवावी. ओलांडणाऱ्या तुकडीने एक पूर्ण डाव थांबून तोफ निकामी केली, म्हणजे बत्तीच्या भोकात खिळा ठोकला किंवा पहारा ठेवला, तरच ती उचलावी. अन्यथा पुढच्या डावात फासा टाकून गोलंदाज उठतात की नाही ते पाहावे. हा एक नियम घातला की असईचा डाव पूर्णतः बदलतो. इंग्रज खेळाडूला प्रत्येक तोफेपाशी विचार करावा लागतो: थांबावे तर समोरचे पायदळ सावरते, जावे तर पाठ उघडी पडते. वेलस्लीपुढचा पेच हाच होता.

आधुनिक खेळांत हाच दोष रणगाड्यांबाबत दिसतो. साखळी तुटलेला रणगाडा हलू शकत नाही, तोफ मात्र डागू शकतो. ‘निकामी’ या एका शब्दाखाली खेळाडू दोन्ही अवस्था एकत्र करतात आणि मग अचल रणगाड्यासमोरून निर्धास्तपणे सैन्य नेतात.

हत्ती म्हणजे जुन्या काळचा रणगाडा?

हे वाक्य इतक्या वेळा लिहिले गेले आहे की ते खोटे आहे हे सांगताना संकोच वाटतो. रणगाडा आवाजाला भीत नाही, जखमी झाला म्हणून स्वपक्षाला तुडवत नाही. हत्तीचे दोन्ही होते. तोफा आणि बाण यांचा प्रसार झाल्यावर लढाईच्या आघाडीवर त्याची उपयुक्तता झपाट्याने घटली. १८०३ मध्ये त्याचे काम सरदाराला उंचावरून दिसू देणे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे चिखलात रुतलेल्या तोफगाड्याला मागून डोके लावून ढकलणे हे होते. गजनाळ आणि शुतरनाळ, म्हणजे हत्तीच्या व उंटाच्या पाठीवरून डागायच्या हलक्या तोफा, मराठी कागदपत्रांत आढळतात. त्यांत उंटावरचा प्रकार अधिक व्यवहार्य ठरला, कारण उंट बसवता येतो. मेजावर शुतरनाळांना घोडदळासारखे चौखूर उधळवीत मारा करणारे खेळाडू आढळतात. उंट बसवून, स्थिर करून मारा करण्याकडेच या शस्त्राचा कल होता. तिला हलके, चपळ तोफदल समजावे.

गाड्यांची भिंत

वाहनाचा एक उपयोग खेळाडू हमखास विसरतात: त्याला थांबवून ठेवणे. पानिपतावर १५२६ मध्ये बाबराने सुमारे ७०० गाड्या कच्च्या चामड्याच्या दोरांनी एकमेकींना बांधून उभ्या केल्या आणि दोन गाड्यांमध्ये बंदूकवाल्यांसाठी पाच-सहा आडोसे ठेवले. मात्र या भिंतीला त्याने मुद्दाम खिंडारेही ठेवली होती, बाणाच्या टप्प्याइतक्या अंतरावर, शंभर-दोनशे स्वार बाहेर पडू शकतील एवढी. गाड्यांची रांग मांडणारा खेळाडू ती सलग मांडतो आणि आपलेच घोडदळ आत कोंडून बसतो. बाबराच्या मांडणीचे मर्म या खिंडारांत होते. गाड्या शत्रूला तेवढा वेळ थोपवून धरीत.

मेजाची लांबी आणि घाटाची वाट

आता वेगाविषयी. सहा फूट बाय चार फुटांच्या मेजावर, एक इंच म्हणजे २५ यार्ड असे प्रमाण धरले, तर मेजाची लांबी १,८०० यार्ड होते. असईचा मध्य तेवढ्यात बसतो. पण बुऱ्हाणपुराहून असीरगड सुमारे २० किलोमीटर उत्तरेस आहे. त्याच प्रमाणात तो रस्ता मांडायचा झाल्यास मेज जवळजवळ २२ मीटर लांब लागेल. बैल ताशी तीन किलोमीटर चालतो असे धरले तर पाच मिनिटांच्या एका डावात तोफगाडा साधारण ११ इंच सरकतो, कवायतीने चालणारे पायदळ त्याहून थोडे अधिक. म्हणजे सपाट रस्त्यावरही तोफा पायदळाच्या मागेच राहतात. नांगरलेल्या काळ्या जमिनीत तर बोलायलाच नको. ‘चाक म्हणजे वेग’ ही आपली मोटारीच्या काळातील समजूत आहे.

मोहिमेचा खेळ खेळताना म्हणूनच लढाईपेक्षा वाटचाल अधिक रंजक ठरते. असीरगडाला अकबराने घातलेला वेढा अनेक महिने चालला आणि जानेवारी १६०१ मध्ये किल्ला मिळाला, तोही तोफांपेक्षा लाचेच्या जोरावर, असे बहुतेक इतिहासकार मानतात. स्टीव्हन्सनला तो काही दिवसांत मिळाला. किल्ला तोच, तट तेच. फरक असा की शिंद्यांची कवायती फौज असईला मोडली होती आणि स्टीव्हन्सनने किल्ला फोडण्याच्या अवजड तोफा बुऱ्हाणपुरापर्यंत ओढत आणल्या होत्या. त्यांचे मोर्चे उभे राहून मारा सुरू होताच किल्लेदार वाटाघाटीस आला.

गाविलगडची कथा याहून बोलकी आहे. मेळघाटातल्या या किल्ल्याची उत्तर बाजू तुलनेने सुगम, पण तेथवर तोफा नेण्यास रस्ताच नव्हता. स्टीव्हन्सनच्या सैनिकांनी सुमारे ३० मैलांची वाट डोंगरदऱ्यांतून स्वतः तयार केली आणि अवजड तोफा हातांनी ओढून नेल्या. ७ डिसेंबरला निघालेली तुकडी १२ तारखेला जागेवर पोहोचली. दिवसाला सहा मैल हे येथे तोफगाड्याचे खरे ‘गतिमान’ होय, आणि ते कोणत्याही तक्त्यात छापलेले नसते. या तोफांच्या मागे आणखी एक अदृश्य वाहन चालत होते: वंजाऱ्यांचे धान्याने लादलेले बैलांचे तांडे. त्यांना चाके नव्हती. पण तांडा चार दिवस उशिरा आला तर चाके असलेले सर्व काही थांबे. मोहिमेच्या नकाशावर तांड्याची स्वतंत्र सोंगटी ठेवून पाहावी. प्रतिपक्षाचे पेंढारी तिच्यामागे लागताच खेळाचा सारा नूर पालटतो.

चिलखताची बाजू

विसाव्या शतकातील लढाया खेळणाऱ्यांचे गैरसमज थोडे वेगळे असले तरी नाते जुनेच. रणगाड्याचे चिलखत समोर जाड, बाजूंना पातळ, मागे आणखी पातळ असते. त्यामुळे त्याला कोठून गाठले जाते याला महत्त्व. ‘वॉरहॅमर ४०,०००’ या १९८७ पासून चालत आलेल्या लोकप्रिय काल्पनिक खेळात पूर्वी वाहनाच्या पुढच्या, बाजूच्या आणि मागच्या चिलखताचे आकडे वेगळे असत. २०१७ च्या आवृत्तीने ते काढून एकच आकडा ठेवला. खेळ सुटसुटीत झाला. पण त्यावर वाढलेला खेळाडू ऐतिहासिक खेळाकडे वळला की रणगाडा आडवा उभा करतो आणि पहिल्याच फेरीत गमावतो.

दुसरा गैरसमज आकड्यांचा. ज्याचे चिलखत जाड आणि तोफ मोठी, तो जिंकणार. ८ ते १० सप्टेंबर १९६५ दरम्यान पंजाबात खेमकरणजवळ असल उत्तर येथे पाकिस्तानचे अमेरिकी पॅटन रणगाडे नव्या बनावटीचे होते. समोर उभ्या असलेल्या डेक्कन हॉर्स या रेजिमेंटकडे दुसऱ्या महायुद्धातील शेर्मन होते. तिचे नेतृत्व पुढे लष्करप्रमुख झालेले अरुणकुमार वैद्य करत होते. या लढाईसाठी त्यांना महावीरचक्र मिळाले. भारतीय रणगाडे उसाच्या आड घोड्याच्या नालेच्या आकारात दबा धरून होते, पाणी सोडून शेते चिखलमय केलेली होती. पॅटन पुढे आले, रुतले, वळताना बाजू उघडी पडली. हवालदार अब्दुल हमीद यांनी तर साध्या जीपवरच्या तोफेने रणगाडे टिपले आणि परमवीरचक्राचे मानकरी ठरले. सुमारे ९७ पाकिस्तानी रणगाडे नष्ट झाले किंवा हाती लागले, असा भारतीय बाजूचा आकडा आहे. मेजावर ही जीप नेहमी चुकीची वापरली जाते: खेळाडू तिला मोकळ्या जागी धाववतात. तिचे संरक्षण तिच्या वेगात कमी आणि पिकात अधिक होते. एक गोळा टाकायचा, जागा बदलायची. पॅटनसह अनेक रणगाडे जवळून पाहायचे असतील तर अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात जावे. बाजूचे आणि समोरचे चिलखत यांतील फरक तेथे डोळ्यांनी कळतो.

लोंगेवालाची गोष्ट आणखी वेगळी. डिसेंबर १९७१ च्या त्या रात्री पाकिस्तानी रणगाडे चौकीसमोरच्या काटेरी तारेपाशी सुरुंगांच्या शंकेने थांबले. थांबण्यात वेळ गेला, काही रणगाडे वाळूत रुतले, उजाडताच जैसलमेरची हंटर विमाने आली. मेजावर दोन्ही खेळाडूंना सुरुंग कोठे आहेत ते ठाऊक असते, म्हणून कोणीच तारेपाशी थांबत नाही. झाकलेल्या चिठ्ठ्या ठेवाव्यात, त्यांतल्या काही कोऱ्या.

सैनिक वाहून नेणाऱ्या वाहनांबद्दल थोडक्यातच सांगण्यासारखे आहे. त्यांचे काम माणसे योग्य जागी उतरवणे. ती शत्रूच्या नजरेच्या टप्प्यात नेऊन उतरवणे म्हणजे एका गोळ्यात संपूर्ण तुकडी देणे होय. टेकडीच्या अलीकडे उतरावे आणि शेवटचा चढ पायी चढावा.

आणि वाहनाची शेवटची मर्यादा गोव्याच्या वाचकाला वेगळी सांगायला नको. १८ डिसेंबर १९६१ च्या संध्याकाळी भारतीय सैन्याचा चिलखती ताफा बेतीला पोहोचला. समोर मांडवी, पलीकडे पणजी. पोर्तुगीजांनी माघार घेताना जागोजागचे पूल उडवले होते आणि रणगाड्यांना नदीपाशी थांबावे लागले. १९ तारखेच्या सकाळी दुसऱ्या शीख लाइट इन्फंट्रीच्या दोन कंपन्या नदी ओलांडून पणजीत शिरल्या. ही मोहीम मेजावर मांडली तर रणगाडे कोणाकडे किती हा प्रश्न गौण ठरतो. प्रत्येक पुलाची आणि फेरीबोटीची सोंगटी आधी ठेवावी लागते.

बुऱ्हाणपूरची मोहीम खेळू इच्छिणाऱ्यांसाठी एक बाब नोंदवावीशी वाटते. ३० डिसेंबर १८०३ च्या सुर्जी-अंजनगावच्या तहाने बुऱ्हाणपूर आणि असीरगड शिंद्यांना परत मिळाले. त्यामुळे केवळ ‘शहर घेतले’ म्हणून इंग्रज खेळाडूला पूर्ण गुण देणे योग्य नाही. निम्मे गुण तह होईपर्यंत राखून ठेवावेत. असीरगड इंग्रजांकडे कायमचा गेला तो ९ एप्रिल १८१९ रोजी, दुसऱ्या वेढ्यानंतर. सामग्रीची अडचण येते ती मुख्यतः बैलांची. या प्रमाणातल्या बैलजोड्या बाजारात सहजी मिळत नाहीत, आणि पोळ्याला मिळणारे मातीचे बैल शिपायांच्या मानाने फार मोठे होतात. पुठ्ठ्याचे चौकोन कापून त्यांवर जोड्यांची संख्या लिहिली तरी काम भागते. जोडी पडली की आकडा खोडावा, आणि शेवटची जोडी खोडली गेली की तोफ जिथे असेल तिथेच राहू द्यावी.